कोणते इंगळे?

मालकाने मोबाईल टेबलावर ठेवला आणि बोटाने माझ्याकडे ढकलला. नेहमी हातात देत असत.

“हा कोण?”

स्क्रीनवर माझा पुतण्या होता. पांढरा शर्ट, मागे बुद्धविहाराची कमान. वर माझं नाव, खाली लिहिलेलं, तुमचा जवळचा रक्ताचा नातेवाईक.

मालक इंगळे, मीही इंगळे. मलकापुरात त्यांची कापसाची जिनिंग, मी तिथे हिशेब पाहतो. आमच्याकडे इंगळे कुणबी असतात, माळी असतात, बौद्धही असतात. म्हणून आडनावावर कुणी थांबत नाही. कोणते इंगळे? मग गाव. मग गावाची बाजू, कुठल्या वस्तीतले. मी सांगताना पिंपळगाव राजा या गावाच्या नावापुढे कधी गेलो नाही. “म्हंजे आपल्या भावकीतले!” मालक स्वतःच म्हणाले होते. मी हसलो. तेवढंच. त्या हसण्यावर मी त्यांच्या घरी पहिल्या पंगतीत बसत आलो.

एकदा थोरला भाऊ भेटायला आला. मी त्याला जिनिंगच्या गेटवरच थांबवला. वॉचमनला म्हटलं, गावचा माणूस आहे. भावाने ऐकलं.

मग मालकाने भावकीची वंशावळ काढायला घेतली. इंगळे मूळचे कुठले, याचा शोध. त्यांच्या मुलाने पुण्याहून डीएनए तपासणीच्या नळ्या आणल्या; निकाल सगळ्यांचे मालकाच्याच मोबाईलवर येणार होते. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. थुंकलो. तोंड कोरडं, थुंकी येईना. पुतण्यानेही कधी तरी अशीच नळी भरली असेल, हे डोक्यातच आलं नाही.

मी यादी खाली सरकवली. मालकाचंही नाव होतं. दूरचं नातं.

“काऊन नाही सांगतलं? आमच्या पंगतीत जेवले ना हो तुम्ही.”

मी मोबाईल त्यांच्याकडे परत सरकवला.

“जाऊ द्या. माह्यी बी इज्जत आहे. रविवारच्या भावकीच्या जेवणात कोणी इचारलं तं म्हना, मशीन चुकली. हा पोरगा आपला नाही.”

पुन्हा गेट. पुन्हा तसंच वाक्य, माझ्याच तोंडून हवं होतं.

“मशीन नाही चुकली,” मी म्हणालो. “माझ्या सख्ख्या भावाचा पोरगा आहे तो. आणि तुमचं नावही त्याच यादीत आहे.”

मालकाने मोबाईल उचलला. रुमालाने पुसला.

राग यायला हवा होता. आला नाही. आत काहीच हललं नाही. बाहेर आलो, गेटपाशी उभं राहून भावाला फोन लावला.

“दादा, रविवारी मलकापूरले ये. भावकीचं जेवण आहे.”

“काऊन? गेटवर उभं राहाले?”

“नाही. पंगतीत बसाले.”

त्याने फोन ठेवला नाही.

भावाची माफी मी मागितली नाही. मागून मोकळं व्हायचं नाही मला.

रविवारी आम्ही दोघं पहिल्या पंगतीत बसणार. दारात कुणी विचारलं तर गावाची बाजूही सांगणार, मोठ्याने. उठवायला कुणी आला, तर उठणार नाही. पानावरून मान वर करून त्यालाच विचारणार, तुम्ही कोणते इंगळे?