बसवराजच्या ट्रकमधला सेट

माझी पोस्टिंग तेव्हा उत्तरेत, बर्फाच्या भागात होती. पुढच्या चौक्यांना रेशन आणि रॉकेल पोचवणाऱ्या गाड्यांच्या कॉन्व्हॉयला आमची सिग्नलची छोटी तुकडी जोडलेली होती. मी नायक, कंट्रोलवर. कंट्रोल म्हणजे सँडबॅग लावलेली एक खोली, एक रेडिओ सेट, खोली गरम ठेवणारी एक बुखारी आणि मी. लान्स नायक माधव माझ्या हाताखालचा ऑपरेटर. तो कॉन्व्हॉयच्या पहिल्या गाडीत बसायचा. त्या गाडीचा ड्रायव्हर बसवराज.

तिघेही मराठवाड्याचे. मी चाकूरचा, बसवराज देगलूरचा, माधव किल्लारीचा. भूकंप झाला तेव्हा माधव लहान होता. त्याचे वडील ढिगाऱ्यातून जिवंत निघाले नाहीत. आई निघाली. तिला बाहेर काढणारे फौजी होते. मोठं होऊन भरती व्हायचं हे आपण त्याच दिवशी ठरवलं, असं तो सांगायचा.

कॉन्व्हॉय सकाळी सुटायचा. ठरलेल्या जागी माधव रिपोर्ट द्यायचा.

"कंट्रोल, अल्फा वन. पुल पार. ऑल ओके. ओव्हर."

"रॉजर. आउट."

एवढंच. सेटवर गप्पा मारता येत नाहीत. ते दोघं मात्र दिवसभर एका केबिनमध्ये असत. एका डब्यात जेवत. परत आले की हसतच खाली उतरत. कशाला हसता म्हणून विचारलं तर बसवराज म्हणायचा, "गाडीतलं गाडीत." माधव माझ्या तुकडीचा, माझ्या हाताखाली शिकलेला, आणि मला त्याचा फक्त आवाज मिळायचा. हे मला तेव्हाही टोचायचं. बोलून दाखवलं नाही.

त्या दिवशी हवा साफ होती. दुपारी रिपोर्ट आला की रस्त्यावर बर्फ घसरलंय, पार्टी बर्फ उपसायला बेलचे घेऊन खाली उतरली आहे. बसवराजही उतरला. ऑपरेटर सेट सोडत नाही, म्हणून माधव गाडीत थांबला. काही वेळानं तो पुन्हा सेटवर आला.

"कंट्रोल, अल्फा वन. ऊपर से और आ रहा है. लोकेशन, तीसरे मोड के आगे, नाले के पास. रिकव्हरी भेजो. ओव्हर."

बोलताना त्याच्या मागे हॉर्न सुरू झाला. लांब, न सोडलेला. ड्रायव्हरच्या सीटकडे सरकून त्यानं एक हात हॉर्नवर दाबून धरला होता, दुसऱ्या हातात हँडसेट होता. खालच्यांना सावध करायचा दुसरा उपाय नव्हता.

"अल्फा वन, गाडी छोडो. ओव्हर."

उत्तर नाही. मी प्रोसीजर सोडली. "माधव, उतर खाली."

"उतरायलो," तो मराठीत म्हणाला.

हॉर्न थांबला नाही. मग नुसती खरखर राहिली.

खाली असलेल्यांनी हॉर्न ऐकून वर पाहिलं आणि ते कड्याच्या आडोशाला पळाले. सगळे वाचले. गाडी नाल्यात गेली. लोकेशन आधीच मिळालं होतं, त्यामुळे रिकव्हरी लवकर पोचली. तरी माधव जिवंत सापडला नाही.

पार्थिवाबरोबर किल्लारीला जाण्यासाठी मी अर्ज केला. सीओ साहेब म्हणाले, "बसवराज जाएगा. वो साथ में था." मी सॅल्यूट केला आणि कंट्रोलवर परत आलो.

म्हणून माधवच्या आईसमोर बसवराज उभा राहिला. ती त्याच्याच गळ्यात पडून रडली. नंतर तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यानं लातूरला नेऊन करवलं. दरवर्षी त्या तारखेला किल्लारीची शाळा त्याला बोलावते. मी एकदाही गेलो नाही. कुणी बोलावलं नाही, आणि बोलावल्याशिवाय जायचं नाही असं मी ठरवलं होतं.

मी हवालदार होऊन निवृत्त झालो. आता लातूरला एका पतसंस्थेच्या दारात गार्ड आहे. बसवराजनं फौजेच्या लिलावातून निघालेला जुना शक्तिमान ट्रक भंगारवाल्याकडून घेतला, स्वतः इंजिन खोललं, पुन्हा हिरवा रंग दिला. झेंडावंदनाला तो गाडी देगलूरच्या चौकात लावतो, लोक फोटो काढतात. पेपरात बातमी आली. खाली लिहिलं होतं, 'शहीद माधव यांचे अखेरचे सोबती'. मी तो पेपर चुलीजवळ ठेवून दिला. बायकोनं दुसऱ्या दिवशी तो पेटवायला घेतला, तेव्हा मी तिला थांबवलं नाही.

या वर्षी बसवराजचा फोन आला.

"व्यंकट, सेट मिळालाय. पंचवीस. हैद्राबादच्या जुन्या बाजारात होता. गाडीत बसवायचाय."

"तिथं मेकॅनिक न्हाईत का?"

"हायत. त्यांना टीव्ही येतो. ह्यो तुलाच येतो."

पंचवीस म्हणजे आमचा तो पाठीवर नेता येणारा जुना सेट, गाडीतही बसवता येणारा. मी बघतो म्हणालो आणि फोन ठेवला. दोन आठवडे काही बघितलं नाही. शेवटी बायको म्हणाली, "तुमचं मन तिकडंच हाय. जाऊन या की एकदा." उदगीरवरून एसटीनं देगलूरला गेलो.

गाडी त्याच्या शेतात, शेडखाली उभी होती. मी दोष शोधत एक फेरी मारली. सापडला नाही. टायरचे नटसुद्धा फौजी पद्धतीनं पांढऱ्या रेघा मारून ठेवलेले. माझ्या घरात माझ्या नोकरीचं एक फ्रेम केलेलं प्रमाणपत्र आहे, तेवढंच. याच्याकडे अख्खी गाडी होती.

"कशी हाय?" त्यानं विचारलं.

"बरी हाय," मी म्हणालो.

काम सुरू केलं. लायसन्स नसताना हवेत बोलता येत नाही, म्हणून आधी ट्रान्समिटरची बाजू बंद केली. सेट फक्त ऐकणार होता. गाडीची बॅटरी चोवीस व्होल्टची, सेटला त्याहून कमी लागतं, म्हणून मध्ये कन्व्हर्टर घातला. सेटखाली रबराचे पॅड दिले, नाहीतर हादऱ्यानं सोल्डर सुटतं. अर्थिंगसाठी चेसिसवरचा थोडा रंग खरवडून धातू उघडा करायचा होता. मी कानस उचलली तसा बसवराज पुढे आला.

"रंग नवा हाय, व्यंकट."

"रंगातून अर्थ मिळत नसतंय."

तो बाजूला झाला. त्याचा रंग खरवडताना मला बरं वाटलं. जेवढा लागत होता त्यापेक्षा थोडा जास्तच खरवडला.

ॲन्टेना लागला. हँडसेट हुकवर अडकवला. स्विच फिरवला. आधी काहीच नाही. फ्यूज बदलला. मग स्पीकरमधून ती खरखर आली. आम्ही दोघंही हललो नाही.

त्याची बायको धपाटे आणि दही घेऊन आली, दोघांकडे बघून ताटं बोनेटवर ठेवून परत गेली.

"आता शाळेत दाखवशील," मी म्हणालो. "भाषण करशील. तू त्याच्याजवळ होतास ना."

"जवळ कुठं होतो?" बसवराज म्हणाला. "मी खाली होतो, बेलचा घेऊन. मला नुसता हॉर्न ऐकू आला. माझ्याच गाडीचा हॉर्न."

मी स्पीकरचा आवाज कमी केला.

"आई दरसाल इचारते," तो पुढे म्हणाला. "लेकरू शेवटी काय बोललं, म्हणते. मी काय सांगू? दरसाल मान खाली घालून बसतो. शाळा हार घालते, अन् मला वाटतं, ह्यो हार व्यंकटचा हाय. माधवशी बोललास तू. मी न्हाई." त्यानं धपाट्याचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही. "तुझा लई हेवा वाटत आला मला. म्हणून कधी फोन केला न्हाई. सेट घेतला तवा म्हणलं, आता तरी बोलवावं लागंल."

इतकी वर्षं मी याच्यावर जळत होतो, आणि हा माझ्यावर. माझ्याकडे होता तो एक शब्द. बाकी सगळं त्याच्याकडे आहे, असं मी धरून चाललो होतो.

"काय बोलला त्यो?" त्यानं विचारलं.

"आईला सांगतो," मी म्हणालो. "तू तिथंच ऐक."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढली. बसवराज ड्रायव्हिंगला, मी शेजारच्या सीटवर, सेट पाठीमागे. रस्त्यात लोक वळून बघत होते. उदगीरच्या पुढे त्यानं माधवची एक गोष्ट सांगितली. तो केबिनमध्ये सीओ साहेबांची हुबेहूब नक्कल करायचा, म्हणून ते हसत उतरायचे. मी हसलो. माझ्या तुकडीतला पोरगा नक्कल करतो हे मला माहीत नव्हतं, याचं वाईटही वाटलं.

किल्लारीत माधवच्या आई, गिरजाबाई, दाराशी बसून तूर निवडत होत्या. बसवराजला बघून त्यांचा चेहरा खुलला. मी मागे उभा राहिलो.

"आई, ह्यो व्यंकट," बसवराज म्हणाला. "माधवचा उस्ताद. शेवटचं ह्याच्याशी बोलला."

त्यांनी सूप बाजूला सारलं. माझा हात धरून मला खाली बसवलं. मी सगळं क्रमानं सांगितलं. लोकेशन, हॉर्न, मी मराठीत दिलेली हाक. मग त्याचं उत्तर सांगितलं.

"उतरायलो म्हणला?"

"हाव, आई."

बाजूच्या सुपातल्या तुरीवरून त्यांनी एक हात फिरवला. मग त्यांच्या तोंडावर हसू आलं आणि डोळ्यांना धार लागली.

"लबाड," त्या म्हणाल्या. "लहानपणी लिंबावर चढून बसायचा. खाली उतर म्हणून हाक मारली की उतरायलो म्हणायचा. अन् उतरायचा न्हाई. मनात असंल तेवढा वेळ वरच."

बसवराजनं टोपी काढून मांडीवर ठेवली. त्या माझा हात धरून होत्या. दुसरा हात त्यांनी त्याच्याकडे लांब केला.

निघताना त्यांनी गाडीत चढवायला सांगितलं. दोघांनी आधार देऊन त्यांना वर बसवलं. हे कसलं यंत्र, म्हणून त्यांनी विचारलं. मी हँडसेट त्यांच्या कानाला लावला. त्यात ऐकण्यासारखं काही नाही, हेही सांगितलं. त्या तरीही ऐकत राहिल्या.

हेवा गेला असं मी म्हणणार नाही. चहा त्यांनी आधी बसवराजलाच दिला, आणि ते माझ्या लक्षात राहिलं. पण या वर्षी शाळेत आम्ही दोघं गेलो. मुलांना मी रेडिओचं सांगितलं, बसवराजनं माधव करायचा ती नक्कल करून दाखवली. मुलं हसली. माधव कोण होता हे त्यांना आता नुसत्या फोटोवरून नाही, थोडं तरी माणूस म्हणून माहीत झालं.

लान्स नायक माधव, सिग्नल्स. राहणार किल्लारी. त्या दिवशी रस्त्यावर उतरलेल्या पार्टीतला प्रत्येक जवान आपल्या घरी परतला. त्यातल्या बऱ्याच जणांची मुलं आज त्याच्या तेव्हाच्या वयाची आहेत.