हातात हात म्हणजे घन

आरमोरीजवळच्या लाकूड डेपोत मी मुन्शी होतो. चौथीतून शाळा सुटलेली, घर दूर साताऱ्याकडे. पळून जावं असं रोज वाटे. डेपोला लागून गुरुजींची शाळा होती. खडूचा हात धोतराला पुसत बोलायची त्यांना सवय, आणि फळ्यापेक्षा मैदानावर त्यांचा भरवसा. पोरं हात घट्ट धरून उभी राहिली की घन, सैल सोडून एकमेकांभोवती फिरली की द्रव, पांगली की वायू.

मोह गळायच्या दिवसांत निम्मी पोरं फुलं वेचायला रानात गेलेली. मी बोचकं बांधून गावी निघालो होतो, तेवढ्यात गुरुजी ओरडले, "अजी मुन्शी, घनाले माणसं कमी पडून राह्यले! या इथी!"

त्यांनी माझा हात धरला. घर सोडल्यापासून तो कुणी धरला नव्हता.

मग त्यांनी "वायू!" म्हटलं आणि उरलेली पोरंही थेट मोहाखाली पळाली. एकही परतलं नाही.

"चुकलो जी," गुरुजी हसले. "मोहाच्या दिवसात वायू शिकवाचा नाई. पण तुमी काऊन नाई पळाले?"

माझा हात न सोडताच ते म्हणाले, "उद्या द्रव घेतो. टाइमावर या."

मी राहिलो.