वळणावरची खुर्ची

एकट्या माणसाकडे किस्से फार साठतात. सांगायला घरात कोणी नसतं, म्हणून खर्चच होत नाहीत. तुम्ही आज आलाच आहात तर बसा, चहा टाकतो. साखर मात्र आपली आपण घ्या.

आमच्या सदाशिव पेठेतल्या गल्लीची दरवर्षी थंडीत एक दौड असायची. चौकातून निघायचं, सारसबागेच्या कोपऱ्यावर वळायचं, परत चौकात. बस. टी-शर्ट नाही, स्पॉन्सर नाही. कोपऱ्यावर घडीची खुर्ची टाकून मी बसायचो आणि येईल त्याच्या मनगटात एक हिरवं रबर घालायचो. रबर असेल तर माणूस वळणापर्यंत गेला होता, नसेल तर मधल्या बोळातून परत फिरला, असा साधा हिशोब. इतकी वर्षं मी त्या दौडीत होतो, पण सुरुवात कधी पाहिली नाही आणि शेवटही नाही. लोक माझ्याकडे यायचे ते परत जाण्यासाठीच.

*

दौड सोडायचे लिमये. चौकात त्यांचं स्टेशनरीचं दुकान. गिऱ्हाईक आलं तर त्यांना व्यत्यय वाटायचा. आदल्या दिवशी ते फळ्यावर लिहायचे, 'दौड वेळेवर सुटेल. आपण नसलात तरी.'

एके वर्षी कडाक्याची थंडी पडली आणि वेळेवर कोणीच आलं नाही, हे मी मागून ऐकलेलं. लिमयांनी घड्याळ पाहिलं, मोकळ्या रस्त्याकडे तोंड केलं आणि शिट्टी वाजवली. मग मंडळी डोळे चोळत जमली. कोणीतरी विचारलं, "अहो लिमये, कधी सुरू करताय?"

"सुटली मघाशीच. गाठा."

*

कॉम्प्युटर क्लासला जाणारा एक मुलगा एकदा पहिला आला. मनगटात रबर होतं, पण लाल. आता लाल रबर मी कोणालाच घातलं नव्हतं. ते मिठाईच्या दुकानातलं.

लिमयांनी त्याचा हात धरून नीट निरखला आणि विचारलं, "पुडा कुठाय?"

पुढच्या वर्षी तो मुलगा प्रामाणिकपणे वळणापर्यंत आला. आता तो सिंगापूरला असतो म्हणे. त्या क्लासमधले बहुतेक सगळे असेच कुठे कुठे पांगले आणि पळणारे दरवर्षी कमी होत गेले.

*

मग हिंजवडीला नोकरी करणारी मुलं गल्लीत कॉट बेसिसवर राहायला लागली. त्यातला एक अमरावतीकडचा. पहिल्या तिघांत होता, पण माझ्यापाशी आला आणि उभाच राहिला.

"काऊन काका, तुमी एकटेच बसता इथं?"

"हो. तुम्ही पळा, मागचे येतायत."

"येऊ द्या नं. पुण्यात आल्यापासून कोणी निवांत भेटलंच नाई."

कंपनी, मेस, घरची शेती, सगळं सांगून झालं. मागचे सगळे त्याला ओलांडून गेले. मी म्हटलं, अहो, नंबर जाईल तुमचा. तर म्हणाला, "घाई करून कुठं जाऊ काका? रूमवरच तं जायचं हाये."

खरं सांगू? तो गेला तेव्हा मला वाईट वाटलं. अजून थोडा बसला असता तर बरं झालं असतं.

*

आमचे चिरंजीव अमेरिकेत. त्यांनी तिकडे मॅरेथॉन पळून फोन केला. "बाबा, हजारो लोक होते. बुटाला चिप असते, सगळं आपोआप नोंदतं."

"आणि वळणावर कोण असतं?"

"कोणी नाही. मशीन."

"बरंय. मशीनला थंडी वाजत नाही."

तो हसला. मग इकडची थंडी, तिकडची थंडी झाली. शेवटी "ठेवतो" म्हणाला.

*

आता आमच्या हिचं सांगतो. ही दरवर्षी नाव द्यायची आणि दरवर्षी शेवटची यायची. मुद्दाम. शेवटच्याला पोरं चिडवतात, मग तो पुढच्या वर्षी येत नाही, असं तिचं म्हणणं. "मी आहे ना शेवटची, मग बाकीचे सगळे आधीच पोचले."

साडी, चपला, छातीवर नंबर. वाटेत भाजी घ्यायची. एकदा कोथिंबिरीची जुडी काखेत धरून मनगट पुढे केलं. "आधी रबर घाला, मग पिशवी धरा." आणि मग तिचं ठरलेलं, "उचला खुर्ची." तिच्या त्या शब्दावर माझी दौड संपायची. चहा घेऊन आम्ही रमतगमत घरी यायचो.

*

ती गेली त्यानंतरच्या थंडीत मी नेहमीसारखा जाऊन बसलो. पळणारे आले, वळले, गेले. मी वाट पाहत राहिलो. शेवटचा कोण ते मला कसं कळणार? ऊन चढलं. एकजण स्कूटर लावून म्हणाला, "काका, जरा गाडीकडे लक्ष ठेवा." ठेवलं. तो देवदर्शन करून आला आणि गाडी घेऊन गेलासुद्धा.

खुर्ची घेऊन चौकात आलो तर बक्षिसं वाटून झालेली, फळा पुसलेला. मी नाही हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

"होतात कुठे?" लिमयांनी विचारलं.

"वळणावर. खुर्ची उचला असं कोणी म्हणालं नाही."

"त्याला माणूस लागतं का?"

"लागतं," म्हटलं. माझा आवाज जरा चढलाच असावा. लिमये दुकानात शिरले. यापुढे आपण काही यायचं नाही, असं मी घरी येता येता ठरवून टाकलं.

*

तरी पुढच्या वर्षी गेलो. घरी बसून तरी काय करणार होतो? मोजके पळणारे आले आणि गेले. रस्ता रिकामा झाला. मी खिशातली उरलेली रबरं चाळवत बसलो.

तेवढ्यात लांबून कोणीतरी चालत येताना दिसलं. हाफ स्वेटर, पायात चपला, छातीवर टाचणीने लावलेला नंबर. दौडीच्या दिवशी जो माणूस चौक सोडून कधी हलला नाही, तो. धापा टाकत आले आणि मनगट पुढे केलं.

"घाला."

"अहो लिमये, तिकडे रेषेवर कोण आहे?"

"खडूची रेघ आहे. ती कुठे जातेय?"

मी रबर घातलं. त्यांनी ते ओढून नीट बसवलं, श्वास घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"उचला खुर्ची."