उणे दोनशे चौदा कोटी जप

"साहेब, आमचा जप उणे झालाय," सावंतकाका फोनवर म्हणाले.

सावंतकाका म्हणजे डोंबिवलीतल्या एका नामजप मंडळाचे सेक्रेटरी. हजारो मेंबर रोजचा जप मोबाइलवर भरतात आणि हॉलमधल्या स्क्रीनवर एकूण आकडा दिसतो. ते सॉफ्टवेअर माझं. नौपाड्यातल्या माझ्या ऑफिसात मी ते मोठ्या ऐटीत केलेलं.

आता स्क्रीनवर उणे दोनशे चौदा कोटी होते. मी चहाचा घोट घेतला आणि आमच्या धंद्यातलं सगळ्यात जुनं वाक्य फेकलं, "कुणीतरी चुकीची एंट्री केली असणार. मेंबरांना विचारा."

काकांनी खरंच विचारलं. व्हॉट्सॲप ग्रुपवर.

दुसऱ्या दिवशी ते टिटवाळ्याच्या इंदूआजींना घेऊन ऑफिसात हजर. आजी ब्याऐंशीच्या. त्यांनी पिशवीतून वही काढली.

"माझ्यामुळेच झालं रे. मटार सोलताना केलेला जपही मी धरलाय. सिरियल बघतानाचासुद्धा. तेवढा वजा कर, पण बाकीच्यांचा बुडवू नकोस."

"कालपासून जेवल्या नाहीत," काका म्हणाले. "आणखी सतरा जणांनी मला असंच काय काय कळवलंय. ते मी वाचून दाखवत नाही."

मी कोड उघडला. चूक तीन मिनिटांत सापडली. कॉम्प्युटरमध्ये आकड्यासाठी आधी डबा ठरवावा लागतो. मी घेतलेला डबा बत्तीस बिटचा. त्यात दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख आणि थोडे वर, एवढंच मावतं. त्यावर एक जरी टाकला तरी आकडा उडी मारून थेट उणे बाजूच्या टोकाला जातो. मूळ संकल्प तेरा कोटींचा, म्हणून डबा पुरेसा होता. मंडळाने तो तीनशे कोटी केला, तेव्हा मी फक्त स्क्रीनवरची पाटी बदलली.

"आजी, चूक माझी आहे. तुमची नाही."

"मग काल का नाही सांगितलंस?"

काल मी बघितलंच नव्हतं. हे सांगताना मी कीबोर्डकडे बघत होतो.

आकडा वाढेल तसा वाढत जाणारा डबा मी बसवला. रोजच्या नोंदी वेगळ्या साठवलेल्या, त्यामुळे बेरीज पुन्हा नीट लागली.

"मटारचा धरलास ना?"

"धरला."

मग आजींनी पिशवीतून पोळीभाजीचा डबा काढला आणि मला म्हणाल्या, "आता ग्रुपवर तू लिही."

डबा बदलायला एक शब्द लागला होता. माफीनामा मी चार वेळा खोडून लिहिला. आता क्लायंटचा फोन आला की आधी कोड उघडतो, मग तोंड.