आमच्यात हिंट दाबत नाहीत

गेम खेळणाऱ्या पोरींचे किस्से कुणी सांगत नाही. कारण ऐकणाऱ्याला आधी गेम समजावून सांगावी लागते आणि तोपर्यंत त्याचा चहा संपून तो उठलेला असतो! त्यामुळे आमचे किस्से नुसते साचत गेलेत. स्वयंपाकघराच्या दारामागे प्लास्टिकच्या पिशव्या साचतात तसे. एक ओढली की चार खाली पडतात.

तर आधी गेम. पडद्यावर एक खच्चून भरलेली खोली दिसते. खाली नावं येतात: छत्री, शंख, कंगवा, घुबड. ती त्या पसाऱ्यातून शोधायची. सगळी सापडली की त्यातली एक आपल्या पिशवीत येते, तिच्यामुळे पुढचं दार उघडतं, दारामागे कोडं असतं आणि कोड्यामागे गोष्ट. याला 'हिडन ऑब्जेक्ट' म्हणतात. अडलात तर कोपऱ्यात हिंटचं बटण असतं. दाबलं की राहिलेली वस्तू आपोआप चमकते.

आम्ही ते दाबत नाही. मेलो तरी नाही.

आम्ही म्हणजे मी, सना आणि सुगंधा. कर्जतच्या कॉलेजात तिघी एका बाकावर बसायचो. मी दहिवलीची. सनाच्या अब्बांचं खालापूरला हार्डवेअरचं दुकान आहे. सुगंधा कळंबच्या वरच्या ठाकरवाडीतली. डिग्री मिळाल्यावरही अड्डा सुटला नाही. अड्डा आमच्या घरी, बाहेरच्या खोलीत, कारण नेट तिथेच धड येतं. आणि त्याच खोलीत माझे मोठे काका दिवसभर पेपर वाचत बसतात. सरकारी नोकरीतून रिटायर झालेला माणूस एक पेपर किती वेळ वाचू शकतो, यावर कुणीतरी गेम बनवायला हवी.

काकांनी माझ्यासाठी कळंबच्या एका रिसॉर्टवर रिसेप्शनची नोकरी बघून ठेवली होती. मला गेम बनवायच्या होत्या. नुसत्या खेळायच्या नाहीत, बनवायच्या. खालचं सगळं या भांडणात घडलेलं आहे.

*

काकांनी पहिल्यांदा आमची गेम बघितली तेव्हा चष्मा वर सरकवून विचारलं, "ह्यात करायचं काय?"

"पसाऱ्यातून वस्तू शोधायच्या."

"आणि ह्याला पैसे भरतात?"

"भरतात."

"मंग आपला माळा हाय की! फुकट हाय. वर जा आणि तांब्याचा बंब शोध. कैक वर्षं सापडत नाय."

सना आणि सुगंधा खो खो हसल्या. मी नाही हसले. मी शिडी लावली, माळ्यावर गेले, जुन्या गाद्यांच्या मागून बंब काढला आणि खाली आणून थेट त्यांच्या पेपरवर ठेवला!

काकांनी बंब फिरवून फिरवून बघितला. म्हणाले, "आता चिंच लावून घासून पन ठेव."

*

सुगंधाला गेम आवडतात, पण गेममधल्या बाया अजिबात आवडत नाहीत. एकदा आमची नायिका जंगलातल्या बंद घरासमोर उभी होती. दाराला किल्ली हवी. किल्लीचे तीन तुकडे. एक विहिरीत, एक पुतळ्याच्या हातात, एक कावळ्याच्या घरट्यात. सना लगेच विहिरीकडे निघाली.

"थांब गं," सुगंधा म्हणाली. "हिच्या पिशवीत कुऱ्हाड हाय ना?"

"होती. पण मघाशी वेल कापली आणि ती गायब झाली."

"दरवाजा लाकडाचा हाय?"

"लाकडाचा."

"मंग किल्ली कशाला धुंडते ही बया? कुऱ्हाड व्हती, लाकूड हाय, हात हायेत. आमच्या वाडीत आना हिला दोन दिस."

मी तेव्हापासून हे माझं ठाम मत करून टाकलंय. ज्या गेममध्ये कुऱ्हाड एकदाच वापरून हरवते ती गेम आळशी माणसाने बनवलेली असते. चांगल्या गेममध्ये कुऱ्हाड का चालत नाही, याचं कारण दिलेलं असतं. दार लोखंडी तरी करा ना!

दुसरं मत म्हाताऱ्यांबद्दल आहे. या गेममध्ये गावावर शाप असतो, एका मुलीला भुताने पळवलेलं असतं, तिला वाचवायला शिडी हवी असते. शिडी एका म्हाताऱ्याकडे असते. आणि तो म्हणतो, "आधी मला माझा हरवलेला पाइप आणून दे!" तिकडे पोरगी बुडतेय आणि याला पाइप हवाय!

"बघितलंत?" मी म्हटलं. "गेममध्येसुद्धा मोठ्यांचं हेच. मदत करायच्या आधी अटी!"

पेपरमागून आवाज आला, "ऐकू येतंय मला."

*

आमच्या बॅचचा हर्षद बंदुकीच्या गेम खेळतो. कानाला मोठे हेडफोन, खुर्चीला लाइट. एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, "तुमच्या त्या आज्यांच्या गेम गं! झोप येत नसली की खेळायच्या."

सनाने लॅपटॉप त्याच्यासमोर सरकवला. एक साधी बाजाराची खोली होती. त्यात दिवा शोधायचा होता.

पठ्ठ्याने माउस धरला आणि सुरू झाला. टक टक टक टक! जिथे दिसेल तिथे क्लिक. अशा गेमला ते चालत नाही. उगाच क्लिक करत सुटलात की ती तुमचा पडद्यावरचा बाणच गोठवते. त्याचा गोठला. सुटला की परत टक टक टक. परत गोठला. कपाळावर घाम.

सना त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "भाई, दिवा शोधायचाय. मारायचा नाहीये."

शेवटी त्याने हिंट दाबली. आम्ही तिघींनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

*

शेलूला माझ्या आत्तेभावाने नवीन फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलो. पूजा झाली, जेवणं झाली, आणि निघायच्या वेळी फ्लॅटची किल्ली सापडेना! मग जे काय सुरू झालं! आत्या गाद्या उलट्या करतेय, काका सोफ्याखाली वाकलेत, आत्तेभाऊ बायकोवर ओरडतोय, बायको सासूकडे बघतेय. सगळे एकाच वेळी सगळीकडे शोधत होते. असं शोधून काही सापडत नसतं.

मी खोलीच्या मधोमध उभी राहिले. हात मागे. गेममध्ये करते तेच केलं. किल्ली शोधायची नाही. खोलीचे तुकडे पाडायचे आणि एकेका तुकड्यात बघायचं, की इथली कुठली रेघ चुकतेय? दाराच्या बाजूचा तुकडा, नीट. खिडकीचा, नीट. देवाच्या फोटोचा… फोटोला झेंडूचा हार होता आणि एका बाजूने तो जरा जास्तच ओढला गेलेला. फुलं काही एवढी जड नसतात.

हार घालताना कुणीतरी हातातली किल्ली त्या हारातच अडकवली होती. पिवळी किल्ली, पिवळी फुलं!

मी ती काढून आत्याच्या हातात दिली. मग काका गुडघे झटकत उठले आणि म्हणाले, "देवानेच दाखवली बघा!"

मला एवढा राग आला! म्हटलं, "काका, देव तर तिच्या मागेच होता. त्याने दाखवायची असती तर तुम्हाला आधी दाखवली असती."

घरी येईपर्यंत काका माझ्याशी बोलले नाहीत. फार शांत प्रवास झाला.

*

मग ते मेलचं प्रकरण झालं.

पुण्याच्या एका छोट्या कंपनीने 'कोकणातलं घर' म्हणून गेम काढली. आम्ही तिघी हरखून गेलो. आपल्याकडची गेम! उघडली. तर चूल सोफ्याला लागून. तुळस फ्रिजवर. भिंतीवर टांगलेला पाटा! एवढा जड दगड भिंतीवर कोण टांगतं? सुगंधा तर उठून बाहेरच गेली.

मी त्यांना लांबलचक मेल लिहिला. पसारा म्हणजे कचरा नव्हे, पसाऱ्यातल्या प्रत्येक वस्तूला तिथे असायचं काहीतरी कारण लागतं, नाहीतर ती शोधण्यात मजा नाही, वगैरे वगैरे. शेवटी विचारलं, "तुम्ही कधी कुणाच्या घरी गेला आहात का?"

उत्तर आलं ते दोनच वाक्यांचं. "मग तुम्हीच एक सीन बनवून पाठवा. आवडला तर काम देऊ."

मी नाचत काकांना दाखवलं. त्यांनी मोबाइल लांब धरून वाचलं.

"हे लेखी हाय का?"

"काका, मेल म्हणजे लेखीच असतं."

"मंग शिक्का कुठाय?"

बरीच वादावादी झाली. बाबा मध्ये पडले नाहीत, ते काकांसमोर कधीच पडत नाहीत. शेवटी काकांनीच निकाल दिला. "त्यांनी तुमचा सीन घेतला तर तू म्हणशील ते. नाय घेतला तर एक तारखेपासून रिसॉर्ट. साडी नेसायची, गुड मॉर्निंग म्हणायचं आणि हा गेमचा डबा बंद. मंग रडायचं नाय."

"मी कधी रडले?"

"दुसरीत," काका म्हणाले आणि पेपर वर केला.

*

सीन कशाचा करायचा यावर आम्ही एक मिनिटसुद्धा भांडलो नाही. अब्बांचं दुकान! बादल्या, दोरखंड, नळाच्या तोट्या, पत्रे, कुलपं, रंगाचे डबे, छतापासून लटकणारे पाइप. एवढा खरा पसारा आख्ख्या खालापुरात नाही. सना चित्र काढणार, सुगंधा वस्तू लपवणार, मी गोष्ट आणि कोडी लिहिणार.

आम्ही दुकानात जाऊन बसायला लागलो. एकदा एक गिऱ्हाईक पाण्याच्या टाकीचा बॉल घ्यायला आलं. अब्बा म्हणाले, "संपला. आठवड्याने या."

आम्ही तिघी एका सुरात म्हणालो, "तिसरी फळी, हिरव्या डब्याच्या मागे!"

निघाला. अब्बांनी गिऱ्हाइकाला बॉल दिला, मग आमच्याकडे वळले. "बेटा, तुम्ही दुकानाचं चित्र काढताय की झडती घेताय?"

चित्र पूर्ण झाल्यावर सनाने त्यांना दाखवलं. त्यांनी खूप वेळ बघितलं. बोट लावून लावून बघितलं. मग मान हलवली. "सगळं बरोबर. पण माझं दुकान एवढं अस्ताव्यस्त नाहीये."

सना म्हणाली, "अब्बा, आम्ही थोडं आवरूनच काढलंय."

*

लपवण्यात सुगंधाचा हात कुणी धरू शकत नाही. एका खोलीच्या घरात पाच भावंडांपासून खाऊ लपवत मोठी झालेली पोरगी ती. मी एक पाना फडक्याखाली झाकायला सांगितला तर मलाच झापलं.

"झाकायचं नाय गं. झाकलं की कुनी पन उचलून बघतंय. उघड्यावर ठेवायचं. बघनाऱ्याला वाटलं पायजे, हे दुसरंच कायतरी हाय."

शेवटची वस्तू होती अडकित्ता. अब्बा सुपारी खातात, त्यांचा गल्ल्यावर असतोच. तो सना आणि सुगंधाने मिळून असा लपवला, की मला, या सीनची गोष्ट लिहिणारीला, सापडेना! सकाळी बसले, जेवायला उठले, परत बसले. दोघी शेंगा खात माझ्याकडे बघत होत्या. विचारलं मात्र नाही मी. चहाच्या वेळी सापडला तेव्हा अशी किंचाळले की आई लाटणं घेऊन बाहेर आली.

या गेमला बायकांचा टाइमपास म्हणणाऱ्या सगळ्यांना तो अडकित्ता शोधायला बसवावं, एवढंच माझं म्हणणं आहे. आम्ही सीन पाठवून दिला.

*

पाठवल्यावर काही दिवस सगळं सामसूम. काकांनी माझ्यासाठी दोन साड्या आईकडून इस्त्री करून घेतल्या. सना आणि सुगंधा रोज येत होत्या, पण कुणी गेम उघडत नव्हतं. एक तारीख अगदी दारात आली होती.

आणि फोन आला. मी स्पीकरवर टाकला. दोघी माझ्या दोन्ही बाजूंना येऊन चिकटल्या. समोर काका, पेपर उघडलेला.

पलीकडे कंपनीतल्या बाई होत्या. आवाज दमलेला. "प्राजक्ता ना? तुमचा सीन आमचे लोक कालपासून खेळताहेत. एक विचारायचं होतं. हिंटचं बटण कुठे आहे? की तेही लपवलंय?"

आम्ही तिघींनी एकमेकींकडे बघितलं. सनाने कपाळावर हात मारला. बटण! चित्र काढलं, कोडी केली, दारं उघडली, आवाज टाकले. बटण बनवायचं तिघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं!

पण खोटं कशाला बोलू? म्हटलं, "मॅडम, ते आम्ही बनवलंच नाही."

"का?"

"आम्हाला कधी लागलं नाही."

पलीकडून एकदम हसण्याचा आवाज आला. एकट्या बाईंचा नाही, चार-पाच जणांचा.

"ठीक आहे, बटण इथे येऊन बनवा. तिघीही या. कामाचं पत्र आजच पाठवते," बाई म्हणाल्या. सुगंधाने माझा दंड एवढा आवळला की वळ उठला. "पण त्याआधी कृपा करून एक सांगा. सगळं सापडलंय आम्हाला. फक्त तो अडकित्ता राहिलाय. इथे कुणी जेवायला उठत नाहीये. कुठे आहे तो?"

मी सांगायला तोंड उघडलं.

समोरचा पेपर खाडकन खाली आला. त्यामागे आमचा लॅपटॉप उघडा होता. काका तो सावरत ताडकन उभे राहिले आणि फोनच्या वरताण ओरडले,

"ए प्राजे, सांगू नको! मी पन तोच शोधतोय!"