माठ कधी गार पडतो

पाटोद्याच्या आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी विज्ञानाच्या तासाला हटकून दाराशी उभ्या राहायच्या. हातात झारा तसाच असायचा. एकदा मी बाष्पीभवन शिकवत होतो, तर त्या मधेच म्हणाल्या, "सर, उन्हाळ्यात माठ लई गार पडतो, पावसाळ्यात न्हाई. हवाच वली आसती, मग पानी उडून जाईल कुठं?"

"मावशी, इथं विज्ञान चाललंय. तुम्ही खिचडी बघा," मी म्हणालो. मुलं हसली. त्याही ओशाळून हसल्या आणि गेल्या.

पुढच्याच पानावर तेच होतं, आर्द्रतेच्या नावाखाली. मी ते शिकवलं, पण मावशींचं नाव घेतलं नाही. त्या पुन्हा दाराशी आल्या नाहीत. मग मीच बोलवायला गेलो.

"नको सर," खाली बघत त्या म्हणाल्या, "आमाला काय कळतंय त्यातलं."