गौतमला न पोचवलेला निरोप

हे मी गेटसभेत बोललो नाही, घरी नाही, मित्रांत बसलो तेव्हाही नाही. तुम्हाला लिहून सांगतोय. मध्येच अडलो तर अडू द्या.

माझी पत्रकं तुमच्या हातात पडली असतील. पिंपरीच्या गेटांवर सकाळच्या शिफ्टला मीच वाटायचो — ‘पेंटशॉपच्या वाफेनं सुदामचा बळी!’ मथळाही माझाच. सुदाम आमच्या युनियनचा, दापोडीचा, कंपनीच्या पेंटशॉपात रंग मारायच्या कामाला. डोकं दुखायचं, ओकायचा, मग दिसेनासं झालं. मेंदूत गाठ. पुण्याच्या इस्पितळात तो वारला तेव्हा बरोबरच्यांत शिकलेला मीच, म्हणून डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं.

आणि काय सांगितलं? — अजून हात अडतोय. ते म्हणाले, याच्या आतड्यात बारीक गाठींचा नुसता सडा आहे. बाप आतड्याच्या कॅन्सरनंच गेला ना? हे घराण्यातून येतं. अशा घरात क्वचित मेंदूतही गाठ होते. याच्या धाकट्या भावाची आतडी तपासून घ्या. लवकर.

बाहेर तो धाकटा उभा होता. गौतम.

“काय म्हनले डॉक्टर, भाऊ?”

“वाफ,” मी म्हणालो. “कंपनीची वाफ.”

का? पत्रक डोक्यात आधीच छापून झालं होतं — म्हणून. वाफ वाईट होतीच, माणसं खोकत होतीच. पण खोकल्यानं गेट बंद पडत नाही, मढ्यानं पडतं. हे माझं गणित. गेट बंद पडलं. वाफ ओढणारे पंखे बसले. भावाच्या जागी गौतमला नोकरी मिळाली — त्याच पेंटशॉपात. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. मी उतरलो नाही.

इथवर लबाडी. पुढचं त्याहून वाईट.

काही वर्षांनी चहाच्या टपरीवर गौतम हळूच म्हणाला, संडासला रक्त पडतंय. शेजारचा फिटर खिदळला, “मूळव्याध हाय, राव! मिसळीला रजा दे जरा!” सगळे हसले. मला माहीत होतं ते काय आहे. आणि मी — मीही हसलो. तोंड उघडलं असतं तर बसलेले पंखे कुणी काढून नेले नसते, त्याची नोकरी गेली नसती. पडलो असतो तो फक्त मी. तेवढंच वाचवलं.

मूळव्याधीची पुडी चालू राहिली. शेवटी डॉक्टरांनी पोट उघडलं, पाहिलं आणि तसंच शिवून टाकलं.

दापोडीच्या खोलीत गेलो तेव्हा गौतमची आई त्याचे पाय चेपत होती. सांगायला गेलो होतो, असं इथं लिहिणार होतो. खोटं आहे. नुसता भेटायला गेलो होतो. गौतमनं माझा हात धरला.

“वाफेनं मलापन गाठलं, भाऊ. आता पत्रक काढाल ना, तवा दादाच्या खाली माझं नाव टाका.”

टाकलं. ठळक अक्षरांत.